काउंटर तीन

मुंगी नुकतीच झोपली होती. तिच्या मुठीतून माझी करंगळी मी अजून सोडवून घेतली नव्हती, आणि तेवढ्यात समोरच्या फडताळातल्या खोक्यावरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. आवाज काही झाला नाही. म्हणजे झाला, पण इतका बारीक, की भिंतीपलीकडे कोणीतरी पुस्तकाची पानं भराभर उलटतंय असं वाटावं. घरात मी आणि ती, दोघीच. नवरा त्याच्या शाळेत. माझा फोन उशीवर पालथा, लॅपटॉप मिटलेला. मग या खोक्याला आत्ता काय सुचलं? दिवा थोडा वेळ फडफडला, थबकला, परत एकदा फडफडला आणि मग पूर्वीसारखा एकटक बघत राहिला. समोरच्या गॅलरीत कोणीतरी गादी धोपटत होतं. धप्, धप्. मुंगीनं झोपेत ओठ चोखले, आणि कोणीतरी आत्ता या खोलीत येऊन गेलं अशी माझी खात्रीच झाली.

ते खोकं घरात आलं नवऱ्याच्या हौसेनं आणि राहिलं माझ्या गळ्यात. बुटांच्या खोक्याएवढं, काळं, आत दोन डिस्क. फोनवर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप तिथे जाऊन पडतो. मुंगी आल्यापासूनचं सगळं त्यात आहे. तिची पहिली जांभई, तिच्या नखांचे ओरखडे उमटलेले तिचेच गाल, डॉक्टरीणबाईंना दाखवायला म्हणून काढलेला एका हिरव्या लंगोटाचा फोटोसुद्धा. घरच्यांच्या ग्रुपवर मी पाठवते ते निवडक, आणि कापलेले. कारण जवळजवळ प्रत्येक फोटोत कुठून तरी माझा हात आलेला असतो, तिच्या मानेखाली, पाठीशी, नाहीतर खुळखुळा धरलेला. मी तो कापून टाकते. कोणाला बघायचाय माझा हात? कापलेले बाहेर जातात, अख्खे खोक्यात राहतात. मुंगीच्या आधी मी एका कंपनीत अशाच, पण खोलीभर मोठ्या यंत्रांची राखण करायचे. कोण आत आलं, कोणाची किल्ली चालू ठेवायची, कोणाची काढून घ्यायची, हे बघण्याचा मला पगार मिळायचा. कोणी नोकरी सोडून चाललं, की तिकडे निरोपाचा केक कापला जायचा आणि इकडे मी माझ्या जागेवर बसून त्याची किल्ली रद्द करत असायचे. मग जाऊन केकही खायचे. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आता कधीकधी वाटतं, माझीही किल्ली कोणीतरी असंच चमचा चाटत चाटत काढून घेतली असेल.

लॅपटॉप मांडीवर घेतला. बाहेरून खोक्यात यायला एक वाट ठेवलेली असते, एसएसएच म्हणतात तिला. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती काळी खिडकी आणि आपण टाइप केलेले शब्द. जगात कुठेही बसून त्या वाटेनं आलं की खोक्यापुढे मांडी ठोकून बसल्यासारखंच. आत यायला किल्ली लागते. तीही अक्षरांचीच, लांबलचक, जीभ वळणार नाही अशी. एक भाग येणाऱ्याच्या यंत्रात आणि जोडीचा खोक्यात. दोन्ही जुळले की दार उघडतं, कोणी काही विचारत नाही. खोक्यात अशा तीन किल्ल्यांच्या ओळी निघाल्या. प्रत्येकीच्या शेवटी, ती ज्या यंत्रावर घडली त्याचं नाव होतं. पहिलं माझ्या लॅपटॉपचं, दुसरं नवऱ्याच्या. तिसरीच्या शेवटी लिहिलं होतं, काउंटर-तीन. मी ते ओठ हलवून वाचलं. कसला काउंटर? कुठल्या दुकानाचा, कुठल्या स्टेशनाचा? येण्याजाण्याच्या नोंदी उघडल्या, तर काउंटर-तीन रोज येत होता. रोज दुपारी, मुंगी झोपते त्या सुमाराला. यायचा, थेट फोटोंच्या कप्प्यात जायचा, त्या दिवशीचे नवे फोटो घ्यायचा आणि निघून जायचा. काही मोडलं नव्हतं, काही हलवलं नव्हतं. पायपुसण्याला पाय पुसून आत यावं आणि जाताना दार अलगद ओढून घ्यावं, तसा. कुठून येतो ते कळायला नुसते आकडे, आणि आकडे वरचेवर बदललेले. चोर दांडगाई करतो तेव्हा निदान आपल्याला ओरडता तरी येतं. या शहाण्यासारख्या माणसाचं काय करायचं?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चित्रकला शिकवतो. जेवणाच्या टेबलावर पोरांच्या वह्या पसरून बसला होता, आणि प्रत्येक वहीत दोन खिडक्या, एक दार आणि धूर सोडणारं धुराडं असलेलं घर होतं.

"कोणीतरी रोज आत येतंय," मी म्हटलं.

त्यानं दचकून दाराकडे बघितलं.

"तिथून नाही रे. खोक्यात. मुंगीचे फोटो नेतंय."

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? हिचे ढेकर?" तो हसला. मग माझा चेहरा बघून त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "बरं, बरं. तुझ्या त्या तीन कुलुपांतून कोणी येईल असं मला वाटत नाही बुवा. तूच दिली असशील कोणाला तरी किल्ली."

"मी? मी कशाला देईन?"

"अगं, मुंगी झाली त्या दिवसांत तू मला दोनदा मीठ घातलेला चहा दिलायस. मी प्यायलोसुद्धा. सहज म्हणतोय." आणि मग जरा हळू आवाजात, "बंद करून टाक ना सरळ. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे तो."

मळच होता. एका ओळीच्या आधी एक चिन्ह टाकलं की झालं. पण मी ते लगेच केलं नाही, आणि का केलं नाही हे त्याला सांगता आलं नाही, मलाही आलं नाही. मी स्वतःशी म्हणत होते की आधी नजर ठेवू, बघू काय करतो, कंपनीतही आम्ही तसंच करायचो. दुसऱ्या दिवशी मुंगीला थोपटताना माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. पडद्यातून गाळून येणारा उजेड, दुधाचा आंबूस वास, पंख्याची एक पाती जरा वाकडी म्हणून दर फेऱ्याला होणारा टक् असा आवाज, आणि या सगळ्याच्या मधोमध तो निळा ठिपका. दिवा हलला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, पण तो नुसत्या भीतीचा नव्हता. मी मनात म्हटलं, आलात? नंतर आणखी काही दुपारी अशाच गेल्या. एकदा माझ्या ध्यानात आलं, की त्या वेळेच्या जरा आधी मी उठून पलंगावरची चादर ताणली होती. एकदा केस विंचरले. हातात कंगवा घेऊन मी आरशासमोर उभी, आणि आरशातली बाई मला विचारतेय, कोण येणारे गं? ती बाई मला अलीकडे नीट ओळखू येत नाही. माझ्यासारखी दिसते, माझेच कपडे घालते, पण जरा उशिरा हसते. बँकेत सही केली तर तिथल्या बाईनं कागद परत सरकवला, म्हणाली जुळत नाही, पुन्हा करा. मी पुन्हा केली. तीही तशीच आली.

अर्धवट झोपेत त्या दिवसांत मला एकच जागा दिसायची, टेबलाखालची. आई वीजबिल भरणा केंद्रात होती. शाळा सुटली की मी तिथे जायचे, मागच्या दारानं, आणि आईच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचे. वर काच, काचेला खाली अर्धगोल भोक, भोकापलीकडे माणसांची रांग. पण ते सगळं वर. माझ्या वाट्याला टेबलाखालचा अंधार, वायरींचं जंजाळ, थंडगार फरशी आणि आईचे पाय. वरून आईचा आवाज यायचा, ग्राहक क्रमांक वाचून दाखवणारा, एकेक आकडा सुटा, ना चढ ना उतार. तो घरातला आवाज नव्हता. घरातली आई बोलताना भरकटायची, एकातून दुसऱ्यात जायची, मध्येच आमटीला, नाही, गॅसला शिव्या द्यायची. ही वरची बाई कधी चुकायचीच नाही. आणि ती वाचत असतानाच तिचा उजवा पाय चपलेतून निघायचा. खाली न बघता, वाचणं न थांबवता तो पाय अंधारात मला शोधायचा आणि पाठीला टेकायचा. आहेस ना, म्हणून. मी त्या पावलावर जरा रेलायचे, एवढंच. पाय परत चपलेत जायचा. वर आकडे चालूच.

मग तो आंघोळीचा फोटो झाला. सकाळी टबात मुंगी दोन्ही मुठी वर करून बसली होती, अंगावर साबणाचा फेस सोडून चिंधी नाही, आणि हसत होती अशी की जगात पहिल्यांदाच कोणी हसतंय. मी ओल्या हातानं फोटो काढला. दुपारी दिवा हलला. मी पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होते, सुस्तावलेली, जवळजवळ आनंदात म्हणावं अशी, आणि एकदम टबातला तो फोटो आठवला. तो आत्ता जातोय. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत, कुठल्या तरी काउंटरपलीकडच्या माणसाच्या हातात माझं उघडं पोर जातंय आणि मी इथे केस विंचरून बसलेय. मुंगीला मी इतक्या जोरात जवळ घेतलं की ती दचकून रडायला लागली, आणि मीही तिच्याबरोबर रडले. मग तिला कडेवर घेऊनच लॅपटॉप उघडला.

असं काम करताना एक पथ्य पाळायचं असतं, कंपनीत नव्या पोरांना मी ते घोकायला लावायचे. आपण ज्या खिडकीतून आत आलोय ती मिटायची नाही. दाराची कुलपं बदला, किल्ल्या बदला, काय हवं ते करा, पण दुसरी खिडकी उघडून नव्या किल्लीनं आत येता येतंय हे बघितल्याशिवाय पहिली सोडायची नाही. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल. मुंगीला पाळण्यात ठेवताना मी अगदी तेच करते. गादी तिला टेकली तरी एक हात तिच्या पोटावर राहू देते, श्वास संथ झाला की मगच बोटं एकेक उचलते. तशीच त्या दुपारी मी सगळी कुलपं बदलली. तिसऱ्या ओळीच्या आधी ते चिन्ह टाकलं. ओळ तिथेच राहिली, पण असून नसल्यासारखी. परवलीच्या शब्दानं येणं बंद, वाटेचा क्रमांक होता तोच ठेवून बाकी सगळं आवळलं. एवढ्यावर माझं भागेना. खोक्याची स्वतःचीही एक ओळख असते. येणाऱ्याला ते ती दाखवतं, की बाबा रे, मी तेच, तू कालही माझ्याकडेच आला होतास. तीसुद्धा मी पुसली आणि नवी घडवली. कशाला केलं तेवढं? राग होता. माझं घर आता त्या माणसाला ओळखूसुद्धा येता कामा नये. शेवटी दुसरी खिडकी उघडून माझी किल्ली लावून बघितली, लागली, आणि मग पहिली मिटली. मुंगी खांद्यावरच झोपली होती. तिची लाळ माझ्या गळ्यावरून ओघळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा हलला नाही. मी जिंकले होते. नोंदींत काउंटर-तीन दारापर्यंत येऊन गेल्याची एक पुसट खूण होती, आत पाऊल नाही. त्याच्या पुढच्या दुपारीही तेच. येऊन दारात थबकायचा आणि माघारी. ठोठावायचा नाही. ज्यांना आत घुसायचं असतं ते धडका देतात, शंभर किल्ल्या लावून बघतात, हे माझं रोजचं बघण्यातलं. हा एकदाच यायचा. मला बरं वाटायला हवं होतं, आणि मी नवऱ्याला सांगितलंही की बरं वाटतंय. पण दुपार आता फार लांबायला लागली. पंख्याची पाती टक् म्हणायची आणि मग बराच वेळ काहीच म्हणायची नाही असं वाटायचं. निळा दिवा डोळा न मिटता माझ्याकडे बघत राहायचा. मला कोणी बघत नव्हतं. तेच हवं होतं ना?

त्याच सुमारास आईचा फोन आला, संध्याकाळी, मी भाजी चिरत असताना. आई सहसा हवापाण्याचं काहीतरी बोलून मग मुंगीवर यायची. या वेळी तसं नाही.

"अगं, तूच ना?"

"मग कोण असणार?"

"नाही... तसं नव्हे. तुझ्याकडे काही बदललंय का गं? म्हणजे, तू बरी आहेस ना?"

माझ्या हातातली सुरी थांबली. आरशातली बाई, परत आलेली सही, सगळं एकदम अंगावर आलं. हिला कोणी सांगितलं? इतक्या लांबून हिला कसं कळलं? "काय बदलायचंय?" मी केवढ्यानं तरी बोलले. "पोर झालंय मला. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. तू पण ना आई, उगाच काहीतरी डोक्यात घेऊन बसतेस."

"बरं बरं. चिडू नकोस, ठमे. ठेवते."

आईचं ते 'ठेवते' म्हणजे जेवणाच्या सुट्टीला काच खाली ओढल्यासारखं असतं. त्यानंतर कितीही ठोठावा, ती काच वर जात नाही. पुढे ती बोलायची, पण तोलून. मुंगी जेवते का, दात येतायत का, हवा कशी आहे. पूर्वी ती बोलता बोलता काहीतरी भलतंच अचूक बोलून जायची, पलंग खिडकीजवळ घेतलास ते बरं केलंस म्हणून, आणि मला वाटायचं मीच कधीतरी सांगितलं असेल. आता तिला काहीच माहीत नसायचं. मी मुद्दाम ग्रुपवर जास्त फोटो पाठवायला लागले. ती प्रत्येकाला अंगठा दाखवायची. फक्त अंगठा.

आणि मग एका दुपारी, अगदी त्या वेळेला, दिव्याऐवजी उशीवरचा फोन थरथरला. मी करंगळी सोडवून घेतली आणि फडताळापाशी जाऊन फरशीवर बसले.

"झोपली का मुंगी?" आई कुजबुजत होती, जणू तिच्याच घरात पोर झोपलंय.

"आत्ताच. काय गं? या वेळेला तू कधी करत नाहीस."

"एक विचारू? चिडणार नसशील तर."

"विचार ना आई."

"ते तुमचं फोटोंचं खोकं. तू बंद केलंस का? केलं असलंस तर ठीकच आहे, तुमचं घर, तुमचं सामान. त्यात माझं म्हणणं काही नाही. फक्त ते रोज माझ्यावर ओरडतं गं इंग्रजीतून, तेवढं थांबव. छातीत धडधडतं माझ्या."

"कोण ओरडतं?"

"काळ्या खिडकीत येतं ते. सगळी मोठी अक्षरं, वर खाली नुसती चिन्हांची झालर, मर्तिकाच्या पत्राला काळी चौकट असते तशी. मी डिक्शनरी घेऊन बसले. तुम्ही ज्याच्याकडे जाताय त्याची ओळख बदलली आहे म्हणे. कोणीतरी काहीतरी वाईट करत असण्याची शक्यता आहे म्हणे. पहिल्या दिवशी मी घाबरून तुला फोनच केला. तूच ना, म्हणून विचारलं, तर तू अंगावर आलीस. म्हटलं बाई, खरंच ओळख बदललीय."

मी खोक्याकडे बघितलं. ते काहीच झालं नसल्यासारखं गुणगुणत होतं. "आई, तुला हे कोणी करून दिलं?"

"धाकट्यानं नाही का? तू हॉस्पिटलातून आलीस, तो भाचीला बघायला आला होता तेव्हा. ताईला विचारलंय म्हणाला. ताई हो म्हणाली म्हणाला. मला काय, त्यानं एक बटण करून दिलंय, दुपारी ते दाबलं की काळी खिडकी येते, अक्षरं पळतात आणि मग फोटो. मी दुपारीच बघायची. म्हटलं तेव्हा तुम्ही दोघी झोपता, तुमचं नेट अडायला नको."

आणि मला तो दिवस दिसला, पाण्याखालचा दिसावा तसा. मुंगी छातीशी, डोळे मिटत चाललेले, धाकटा भाऊ फरशीवर लॅपटॉप घेऊन बसलाय आणि म्हणतोय, ताई, एक मिनिट पासवर्ड टाक ना, आईचं करून देतो. आणि मी एका हातानं टाकलेला. त्या दिवसांत कोणी मागितलं असतं तर मी घरही एका हातानं देऊन टाकलं असतं.

"आई, तुझ्या कॉम्प्युटरवर काउंटर तीन असं काही लिहिलंय का?"

"लिहिलंय म्हणजे? बाजूला पट्टीच चिकटवलीय ऑफिसची. माझ्याच काउंटरवरचा नाही का तो. निवृत्त झाले तेव्हा जुनी यंत्रं भंगारात काढत होते, मी माझं मागून घेतलं. जन्मभर समोरासमोर बसलो, म्हटलं चल घरी."

"तू तीन नंबरच्या काउंटरवर बसायचीस?"

"आता हे काय? तुला माहीत नाही? अगं, माझ्या पायाशी वाढलीस तू."

मला खरंच माहीत नव्हतं. आकडा काचेच्या वर, बाहेरच्या बाजूला रंगवलेला असणार, रांगेतल्या माणसांसाठी. मी सगळं बालपण आतल्या बाजूला बसले होते. सगळ्या गावाला आई ज्या नावानं ओळखू येत होती ते एकट्या मला ठाऊक नव्हतं. मग रोज दुपारी पायपुसण्याला पाय पुसून येणारं ते माणूस, आलात, असं मी मनात म्हणायचे ते माणूस, दारात थबकून न ठोठावता परत जाणारं, ते म्हणजे आई. आणि मी त्याच्या तोंडावर घराची ओळख पुसून टाकली होती. मी आईला सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं, "कॉम्प्युटर चालू आहे का आत्ता?"

"चालूच आहे. समोरच बसलेय."

लॅपटॉप ओढला. तिसऱ्या ओळीआधीचं ते एक चिन्ह खोडलं. त्याला एक बोट पुरलं. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. आईच्या यंत्राच्या आठवणीत माझ्या घराची जुनी ओळख पक्की बसली होती आणि त्यापुढे ते नवीला दारात उभं करत नव्हतं. मी तिला एक ओळ मेसेजवर पाठवली, म्हटलं काळ्या खिडकीत जशीच्या तशी टाइप कर.

"यानं काय होईल?"

"जुनी ओळख विसरेल ते."

"विसरायलाच पाहिजे?" आई म्हणाली. आणि जरा थांबून, "बरं. तू म्हणतेस तर." मग बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज, एक एक बोट, अंतर ठेवून. "झालं. आता बटण दाबते. हां, आता ओरडत नाही, विचारतंय. खात्री पटत नाही म्हणतंय, तरी पुढे जायचं का? वाय दाबू?"

"थांब!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की मुंगी चुळबुळली. "असं कोणालाही हो म्हणायचं नसतं आई. समोर मीच आहे कशावरून? त्याच्या वर बघ, अक्षरांची एक लांब ओळ असेल. तो माझ्या खोक्याचा ठसा. माझ्यासमोरही आहे. तू वाच, मी जुळवते. अक्षर न् अक्षर जुळलं तरच हो म्हणायचं."

"वाचू? अगं मग सांगायचंस की आधीच."

आणि आईनं घसा साफ केला आणि वाचायला लागली. मोठा के. लहान टी. सात. लहान क्यू. मोठा व्ही. शून्य. ना चढ ना उतार, एकेक अक्षर सुटं, मध्ये पुढच्याला लिहून घ्यायला लागतो तेवढाच वेळ. घरातली आई नव्हती ती. मी पडद्यावर बोट ठेवून मागून जात होते आणि प्रत्येक अक्षर तिथे होतं, ती म्हणेल त्या जागी. लहान आर. मोठा झेड. मला पडद्यावरचं दिसेनासं झालं. अर्ध्यावर आल्यावर मी म्हटलं, "पुरे आई, बरोबर आहे, मीच आहे."

"पुरे कसं? शेवटपर्यंत बघू. अर्धा जुळलेला नंबर मी कोणाचा घेतला नाही कधी." आणि शेवटपर्यंत गेली. मग म्हणाली, "वाय दाबला. नाही म्हणतंय. पूर्ण येस लिहा म्हणतंय."

"लिही मग पूर्ण."

टक्. टक्. टक्. आणि मग एक जरा मोठा टक्.

फडताळात दिवा फडफडला. पानं उलटल्याचा तो बारीक आवाज सुरू झाला, थांबायचं नाव घेईना. इतक्या दुपारींचं साचलेलं एकदम जात होतं. मी वाट बघत होते की आता म्हणेल, मुंगी केवढी झाली, मुंगीच्या डोळ्यांवर माझं सासर दिसतं की माहेर.

"आले?" मी विचारलं.

"येतायत." मग हळूच, "करंगळीला काय झालं गं?"

"कोणाच्या?"

"तुझ्या. खुळखुळ्याच्या फोटोत. चट्टा दिसतोय."

"काही नाही. तव्याला लागलं."

"काही लावलंस का? ... नखं पण कापलीस. बरं झालं, पोराला लागतात." ती एकेक उघडत असणार, मला माउसचा आवाज येत होता. "ग्रुपवर पाठवतेस त्यात नसतेस तू. इथे असतेस. कुठे मनगट, कुठे कोपर. एकदा चकचकीत पातेल्यात अख्खी दिसली होतीस, वाकडीतिकडी. मुंगीला काय गं, मुंगीला सगळेच बघतायत."

पलंगावर मुंगीची मूठ रिकामी होती, उघडत होती, मिटत होती. फडताळाच्या फळीला खोक्याची बारीकशी थरथर लागत होती. तिकडे तोंड न वळवता मी जरा मागे सरकले, आणि त्या थरथरीवर पाठ टेकून रेलले.